हातोडा कुठे गेला?

“उतरा खाली सगळे!” एलीमावशीने ब्रेक दाबला.

तिन्ही पोरं बसलेली साइडकार एका बाजूला कलली होती. तिला मोटारसायकलशी जोडणारी नळ्यांची सबफ्रेम तुटली होती, दोन महिन्यांत तिसऱ्यांदा.

“आता बास. गाडीशिवाय टपाल कसं वाटू? पुन्हा तुटली तर नोकरी सोडून सरळ पलीकडे पार्नू शहरात राहायला जाते.”

मारेतला मावशीच सांभाळायची. तिचे बाबा बोटीवर, आई कामाला फिनलंडमध्ये. मावशीने किहनू बेट सोडलं, की तिची रवानगी वसतिगृहात. एकटेपणाची तिला सवय होती, पण तो निदान स्वतःच्या घरातला होता. सुट्टीला आलेली मावसभावंडं, काउर आणि लीस, तर रविवारी जाणारच होती.

बेटावर वेल्डर एकच, आंत्सकाका. गाडी कशीबशी त्याच्याकडे नेली. “तिघं तिघं कोंबून बसता, मग काय होणार?” त्याने पोरांवर खापर फोडलं.

“ही दोघं यायच्या आधीही दोनदा तुटलीच की,” मारेत पुटपुटली.

काका फ्रेम उचलून टेबलाकडे गेला. पोरं काढून ठेवलेले बोल्ट बघू लागली.

“तीन चांगले आहेत,” लीस म्हणाली. “ह्या चौथ्याचं डोकं बघ, पार चेपलंय.”

“ठोकून ठोकून घातलाय,” काउर म्हणाला. “सरळ जात नसणार.”

मारेतने काकाकडे पाहिलं. तो फ्रेम सुटीच ठेवून वेल्डिंग करत होता. फ्रेमची नळी तापून ओढली जात असणार, बोल्टचं भोक सरकत असणार! मग बोल्ट ठोकायचा, आणि गाडी खड्ड्यात गेली की ताणलेली नळी तुटायची.

मारेत हळूच हातोड्यावर जाऊन बसली.

थोड्या वेळाने काकाने फ्रेम गाडीला लावली. तीन बोल्ट गेले, चौथा अडला. “हातोडा कुठाय?”

“हातानेच घाला ना, काका,” मारेत म्हणाली.

काका वाकला. फ्रेमचं आणि गाडीचं भोक अर्ध्याने चुकत होतं. मग त्याने जोड कापला, चारही बोल्ट आधी घातले, गाडीवरच वेल्डिंगचे दोन-दोन टाके मारले, आणि थांबत थांबत, थोडं इकडे थोडं तिकडे, वेल्डिंग पुरं केलं. फ्रेम गार झाल्यावर मारेतने चौथा बोल्ट दोन बोटांनी काढला आणि परत घातला.

“शाबास, पोरी!” मावशीने तिला जवळ घेतलं. “राहिलं बाई पार्नू.”

रविवारी काउर-लीसची बोट सुटली. परतताना मावशी मारेतला घेऊन, आदल्या दिवशीचं राहिलेलं टपाल द्यायला काकाच्या दाराशी थांबली.

“बोल्ट हाताने गेला पाहिजे, हे माझ्या बापानेच शिकवलं होतं मला,” काका मारेतला म्हणाला. “पण तीस वर्षं एकटाच काम करतोय. बघायला कुणी नसलं, की माणूस ठोकतो.” तो जरा घुटमळला. “उद्या येशील? काम काही नाही. नुसती बस.”

“येईन,” मारेत म्हणाली. “मलाही काही काम नाही.”