आप्पांची अकरा सेकंदं

नव्या कॉम्प्युटरनं आप्पासाहेब मगदुमांना भर भाषणात अकरा सेकंद गप्प बसवलं, तेव्हा शालनकाकींनी त्याच्या ड्राइव्हची तक्रार नोंदवली. आप्पांना मध्येच गप्प बसवणं जिवंतपणी कुणाला जमलं नव्हतं. ते गेल्याला बारा वर्षं झाली होती.

ढगात, म्हणजे इंटरनेटवर, ठेवलेलं काही आपलं राहत नाही हे लोकांना उशिरा कळलं, आणि घराघरांत पुन्हा सीडीसारख्या चकत्या आल्या. जयसिंगपुरातल्या मगदुमांच्या घरी एकच चकती होती, आप्पांच्या साठीच्या समारंभाची. आप्पा सूतगिरणीत फिटर. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी बायकोला कधी चांगलं म्हटलं नव्हतं. पण भाषणात, "हे घर मी एकट्यानं उभं केलं," असं ठणकावून झाल्यावर ते म्हणत, "पण शालन नसती तर मी कोणीच नसतो." समारंभात काकी आत पुऱ्या तळत होत्या, त्यामुळं हे वाक्य त्यांनी पहिल्यांदा ऐकलं ते चकतीवरच. त्या वाक्यासाठी दर गुरुवारी त्या चकती लावत आणि वाक्य संपलं की मागं नेऊन पुन्हा ऐकत. नव्या कॉम्प्युटरनं नेमकं तेवढंच गिळलं होतं.

काकींनी हाताशी होते ते सगळे उपाय केले. कॉम्प्युटर बंद करून चालू केला, फुंकर मारली, चकती वरच्या बाजूनं पदराला पुसली, मशीनला दोन दिवस विश्रांतीही दिली. तक्रारकेंद्रातल्या बाईनं चकती सरळ घातली आहे का, असं तिसऱ्यांदा विचारल्यावर त्यांनी तिचं शिक्षण विचारलं. मग मिरजेहून वहिदा मुजावर आली. ती ड्राइव्हची जाणकार, पंचवीस वर्षं याच कामात मुरलेली. तिनं झाकण उघडलं, आणि आतून तांदळाचा एक दाणा टपकन बाहेर पडला.

"काकी, हे काय?"

"अक्षता. नवीन वस्तूची पूजा करत न्हाईत व्हय?"

नारळ कुठं फोडला, हे वहिदानं धीर धरून विचारलं. उंबऱ्यावर फोडला होता, हे ऐकून तिचा जीव भांड्यात पडला. ड्राइव्ह साफ झाला, चकती आत गेली. आप्पांनी एकट्यानं घर उभं केलं, आणि पुन्हा अकरा सेकंद शांतता. काकींचा चेहरा उतरला. त्या जागेवर वाक्य नसेल तर गुरुवारचं काय करायचं, हे त्यांना सुचेना.

वहिदानं चकती उजेडात धरली. चकचकीत बाजूवर कुंकवाचा जाड, तेलकट टिळा होता.

दर खंडेनवमीला काकी आप्पांचे पाने, हातोडी आणि पक्कड पुजत. शेजारी चकतीही मांडत. चकचकीत बाजू म्हणजे तोंड, असं समजून तिथं बोट टेकवत. देवाला लागलेलं कुंकू पुसू नये, म्हणून ते कधी पुसलं नव्हतं. टिळा दरवर्षी थोडा मोठा होत गेला.

"पण जुन्या मशीनवर तर ऐकू येत होतं," काकी म्हणाल्या.

वहिदा खुर्चीत बसली. जुना ड्राइव्ह पूरक जातीचा होता, हे तिनं समजावून सांगितलं. चकतीवर जिथं वाचता येत नाही, तिथं पूरक ड्राइव्ह त्याच माणसाच्या आवाजात अंदाजानं वाक्य घालून देतो. बाजारात त्याला पुरणाचा ड्राइव्ह म्हणत, कारण आत काय भरलंय ते बाहेरून कळत नसे. शिवाय तो ऐकणाऱ्याकडून शिकतो. माणूस ज्या वाक्यावर मागं जातो, त्याच वळणाचं आणखी गोड वाक्य तो पुढच्या वेळी बनवतो. कोर्टात खोट्या साक्षी वाढल्यावर नव्या ड्राइव्हमधली ही सोय बंद ठेवायचा नियम झाला. सही केली तरच ती चालू करता येई.

काकींना आता एकेक आठवायला लागलं. पहिल्या वर्षी आप्पा नुसतं "शालननं केलं" म्हणाले होते. तिसऱ्या वर्षी "चांगलं केलं". आपले कान सरावताहेत, असं त्यांना वाटलं होतं.

"खालचं खरं वाक्य शाबूत आहे, काकी. कुंकू पुसलं की ऐकू येईल. पुसू का?"

काकींनी आप्पांच्या फोटोकडं बघितलं. त्यांना भीती वाटत होती, आणि तसं त्यांनी सांगितलंही. मग म्हणाल्या, पूस.

साबणाच्या पाण्यानं बारा खंडेनवम्या धुतल्या गेल्या. आप्पा म्हणाले, "हे घर मी एकट्यानं उभं केलं. आता जेवायला बसा. श्रीखंड शालननं केलंय. आंबट लागलं तर साखर मागून घ्या, माझ्याकडं बघू नका." मागं पाहुण्यांचा हशा होता.

काकीही हसल्या. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. "हां, हे आमचेच," त्या म्हणाल्या. बारा वर्षांनी नवरा घरी आल्यासारखं त्यांना वाटलं, आणि तो काही बदललेला नव्हता. वहिदानं समाधानानं हत्यारं आवरली आणि ड्राइव्ह निर्दोष असल्याचा कागद पुढं केला.

काकींनी त्यावर सही केली. मग पूरक सोयीचा कागद मागून घेतला आणि त्यावरही केली. वहिदानं सांगून पाहिलं, की आता चकती स्वच्छ आहे, भरायला जागाच नाही. काकी उठून देवघरातून कुंकवाचा करंडा घेऊन आल्या. आजवर त्या आधी हात जोडत आणि मग बोट टेकवत. या वेळी हात जोडायचे राहून गेले. कुंकवात बुडवलेलं बोट चकतीवर अधांतरी धरून त्यांनी विचारलं,

"श्रीखंडाची जागा कळली. घर एकट्यानं उभं केलं म्हणत्यात, ते कुठं येतं गं?"