सायकल ट्रॅकवरची पंगत

आज ट्रॅकवर: दोर.

दिसला तेव्हा उशीर झाला होता. सुरभीनं दोन्ही ब्रेक करकचून दाबले, मान खाली घातली, तरी दोर हॅन्डलला अडकलाच. सायकल एकीकडे, ती दुसरीकडे — आणि डब्यातलं वरण पिवळ्या खांबावर.

सिंदी मेघेहून वर्ध्याकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही कडांनी हा नवा सायकल ट्रॅक. लोखंडी खांब, मधे कठडा. गाड्या आत येऊच शकत नाहीत. गाड्या सोडून बाकी सगळं येतं.

"लागलं का वो?" बाजूच्या अर्धवट मंडपातून एक उंच पोरगा धावत आला. खांद्यावर दोराचं वेटोळं.

"दोर कोणं बांधला?"

"म्याच. योगेंद्र. आमचं बिछायत केंद्र हाय ना, मंडप-सतरंज्यांचं... परवा लग्न हाय इथं."

"नाव नाई विचारलं. काऊन बांधला?"

"आता असे तयार खांब असल्यावर खुंट्या कोण ठोकते, म्याडम?"

इतक्या निरागसपणे विचारलं की तिला हसू आलं असतं. कोपर सोललं नसतं तर.

"शोभाकाकूची पोरगी ना तुमी? थांबा, घरी सांगतो, मलम—"

"खबरदार!"

मागे एकदा ट्रॅकमध्ये लावलेल्या स्कूटरवर ती आदळली होती, तेव्हाच आईनं बजावलं होतं: अजून एकदा पडली का सायकल बंद, ऑटोनं जाजो. ऑटो म्हणजे चौघांत पाचवी, मांडीवर कुणाची तरी पिशवी. घरापासून कामाच्या दुकानापर्यंत, एवढाच वेळ तिचा स्वतःचा होता. तो ती कुणालाही देणार नव्हती.

आज ट्रॅकवर: तोच दोर. लाल चिंध्यांसकट.

"आता दिसते ना?" योगेंद्रची छाती फुगलेली.

"दिसते. सोडला काऊन नाई?"

"सोडला तं मंडप पडते."

तिनं सायकल उचलून कठड्याबाहेर ठेवली. एसटीच्या वाऱ्यानं वेणी हलली. हीच तर या ट्रॅकची गंमत — आत निर्धास्त, आणि तो जिथं अडतो तिथं थेट ट्रकच्या तोंडी.

तेवढ्यात योगेंद्र रस्त्याच्या मधोमध, दोन्ही हात पसरून. कापसाचा ट्रक करकरत थांबला. ड्रायव्हर खिडकीतून त्याच्या सात पिढ्या काढत होता.

"जा ना आता... किती शिव्या खाऊ?"

ती गेली. एकदा वळून पाहिलं — ट्रक कुठवर आला ते बघायला. असं तिनं स्वतःला सांगितलं.

दुपारी ती काम करते त्या चष्म्याच्या दुकानात तो हजर.

"नंबर तपासायचा हाय."

"बसा. खालची ओळ वाचा."

"दिसत नाई."

"सगळ्यात वरचं मोठं अक्षर?"

"ते बी नाई. तुमी मधात उभ्या हा ना..."

ती बाजूला झाली. कान लाल झाले होते, ते त्याला दिसले असणार. डोळे चांगलेच होते मेल्याचे.

"डोळे ठीक आहेत. अक्कल तपासायची मशीन आमच्याकडे नाई. दोर सोडा आज."

"सोडतो. तुमच्यासाठी खुंट्या ठोकतो."

आज ट्रॅकवर: पंगत.

दोर खरंच नव्हता. पण संध्याकाळी परतताना पाहते तो काय — गुळगुळीत, सरळ, स्वच्छ ट्रॅकवर पत्रावळींची रांग, बुंदी वाढणं चालू, आणि रांगेत सुरभीची आई, वांग्याच्या भाजीत भात कालवत!

"आई!"

"रस्त्यावरून ने ना वो सायकल!"

तिनं वैतागून हॅन्डल वळवलं. मागच्या ऑटोचा आरसा नेमका सोललेल्या कोपराला घासत गेला, कुणीतरी कॅरिअर धरून सायकल मागं ओढली. योगेंद्र. ऑटो भोंगा वाजवत पुढं निघून गेला.

आईचा घास हातातच. "आन् ही पट्टी कायची? कवा पडली?"

सुरभीनं वर सरकलेली बाही खाली ओढली. योगेंद्र म्हणाला, "माह्या दोरानं पडली, काकू."

ती डोळ्यांनीच त्याला भाजत होती. फितूर!

"झालं. उद्यापासून सायकल बंद."

"सायकल काऊन बंद, काकू? ती तिच्याच ट्रॅकमधी होती. मधात तं आपून बसलो." आणि तो वळून ओरडला, "मंडळी, उठा! पंगत मंडपात घेऊ!"

बुंदीचा झारा हवेतच थांबला. नवऱ्या मुलाचे काका चंद्रभानजी लाल झाले. "जेवत्या माणसाले उठवतं? पाहतो, तुले कोण काम देते पुन्हा!"

कुणी हललं नाही. योगेंद्रचा चेहरा उतरला, पण तो तिथंच उभा राहिला, तिच्या कॅरिअरवर हात ठेवून.

मग शोभाबाईंनी पत्रावळ उचलली. गुडघ्यावर हात देत उठल्या. "चला वो बाया. पोरीले घरी जायचं हाय." आणि जाता जाता सुरभीला, "घंटी जोरात वाजवत जाजो उद्यापासून."

आज ट्रॅकवर: काहीच नाही.

छे. समोरून एक सायकल. उलट्या दिशेनं. योगेंद्र!

"अरे देवा... वळव आधी! ट्रकसमोरून वाचला, सायकलनं मरशील."

त्यानं निमूट वळवली. आता तो पुढं, ती मागं. ट्रॅक एकाच्याच रुंदीचा. मान मागं वळवून बोलणं चालू.

"पुढं पाह!"

"पाहतो. एक विचारू? तुमच्या घरी मंडप टाकायचा म्हटलं तं..."

"कोणाच्या लग्नाचा?"

त्याची सायकल जरा डगमगली. "...आपल्या."

चाकांची घरघर. खांबामागून खांब मागं पडत गेला.

"दोर कुठं बांधशील?"

"गच्चीले."

"आन् पंगत?"

"अंगणात. नाई मावली तं... गच्चीवर!"

तिनं घंटी वाजवली. जोरात.

"मग ये रविवारी. आईले विचार," ती म्हणाली. "आन् येताना आजच्यासारखा उलट्या दिशेनं नको येऊ. डाव्या बाजूनं ये."