नुसतं लोटलेलं दार

डायपरचं पाकीट छातीशी धरून मी वॉर्डात शिरत होते. तेवढ्यात तो समोरून आला आणि थेट पाकिटाकडेच बघत म्हणाला, "कोणासाठी?"

"माझ्या आजोबांसाठी. सात नंबरची खाट. सिस्टरनी मागवलंय."

"त्यांना चालता येत नाही?"

"येतं... पण खुब्याचं ऑपरेशन होऊन चारच दिवस झालेत. पडले तर?"

तो वॉर्डातला नवा नर्स. सगळे त्याला ब्रदर म्हणत. माझ्या तोंडून मात्र तो शब्द काही केल्या निघेना.

त्याने आजोबांनाच विचारलं. "आजोबा, बाथरूमपर्यंत चालायचं, की हे घालायचं?"

दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडलेले आजोबा वळले. "चालायचं."

"पडले तर जबाबदार कोण?" मागून येत सिस्टर म्हणाल्या.

"मी," तो म्हणाला.

अकरा पावलं. मी मोजली. पुढे वॉकर, दोन्ही बाजूंना आम्ही. आजोबांच्या पाठीमागे त्याची बोटं माझ्या बोटांना लागली... दोघांनीही ती हलवली नाहीत.

त्यांना कमोडवर नीट बसवून तो बाहेर आला, दार लोटलं.

"तुम्ही आत थांबा ना!"

"त्यांनीच बाहेर जा म्हटलं. कडी लावलेली नाही. मी इथेच आहे."

आतून काहीच आवाज नाही. माझे ठोके नक्की एकशेवीसच्या पुढे गेले असणार.

"माझी आजी अशीच पडली होती," मी म्हणाले. "बाथरूममध्ये. नंतर उठलीच नाही."

तो दाराच्या आणखी जवळ सरकला. "मलाही भीती वाटतेय. आत्ता तर दोन-दोन गोष्टींची."

"दोन?"

"एक आत बसलेत. दुसरी... आजोबा घरी गेल्यावर तुम्हाला फोन केला तर चालेल का, हे विचारायची."

"बाथरूमच्या दारात विचारताय?"

"जागा चुकली का?"

आत धाडकन काहीतरी पडलं.

माझा हात दारावर गेला. त्याचा चेहरा पांढराफटक. तरी त्याने दार ढकललं नाही, टकटक केली. "आजोबा?"

एक सेकंद. दोन. तीन...

"पाण्याचा मग पडला," आतून आवाज आला. जरा चिडका, पण ठणठणीत. "मी बसलोय नीट. दार उघडू नका."

मी दारावरचा हात काढला. कुठे ठेवावा कळेना, तसा त्याने आपला पुढे केला. तोही माझ्या हाताइतकाच गार होता.

"चालेल," मी हळूच म्हणाले. "फोन केलात तर."