सहा दहाचा फोन

सरका शेकोटीजवळ. ड्वेन सॉर्बी माझ्या चांगल्या ओळखीतला. धान्याच्या कोठारावर कामाला होता. मोजकं बोलणारा, थापा मारणारा नव्हे. मी तेव्हा हायस्कूलमध्ये झाडलोट करायचो, म्हणून शेवटचं थोडं मला डोळ्यांनी पाहायला मिळालं.

डिसेंबरात ड्वेन मुलीची, कर्स्टनची, पुस्तकं परत करायला शाळेत आला. पोरीला जाऊन तीन आठवडे झाले होते. कचेरीतल्या लोरेटाबाई पुस्तकं घेता घेता एकदम ओशाळल्या. मूल गैरहजर असलं किंवा उशिरा आलं की शाळेचं यंत्र संध्याकाळी घरी फोन करतं, आणि कर्स्टनचं नाव यादीतून काढायचंच राहिलं होतं. आत्ताच काढते, म्हणाल्या.

"राहू दे, लोरेटा," ड्वेन म्हणाला. "घरात तिचं नाव घेणारं आता तेवढंच उरलंय."

खरं तर या फोनांपायीच सगळं झालं होतं. पोरगी महा झोपाळू, आठवड्यातून दोनदा तरी उशीर. त्या सकाळी ड्वेन तडकला, "आज उशीर झाला तर गाडीची किल्ली काढून घेईन." पोरीनं गाडी दामटली. पुलावर बर्फाचा पापुद्रा होता. तुझा काय दोष, असं सगळे म्हणायचे. त्याला मात्र आपलं ते एक वाक्य आतून पोखरत होतं.

रोज संध्याकाळी सहा दहाला फोन यायचा. "तुमची मुलगी, कर्स्टन, आज शाळेत गैरहजर होती." ड्वेन शेवटपर्यंत ऐकायचा. मग एकट्यापुरतं सूप गरम करायला उठायचा. फार एकटा पडला होता बिचारा.

अठरा जानेवारी, गुरुवार. आदल्या रात्रीपासून हिमवादळ, शाळा बंद. आज फोन येणार नाही, हे त्याला ठाऊक होतं. तरी तो फोनापाशी बसला. बाहेर मिट्ट काळोख.

सहा दहा.

फोन वाजला.

"तुमची मुलगी, कर्स्टन, आज शाळेत..."

शांतता. नुसती खरखर...

"...उशिरा पोचली."

ड्वेन उठला. कोट चढवला. गुडघाभर बर्फ तुडवत शाळेपाशी आला. दार मी उघडलं.

"आत कोण आहे, ॲल्विन?"

"कोण असणार? सकाळपासून चिटपाखरू नाही."

दारापुढच्या बर्फात माझ्याच बुटांचे ठसे होते. आणि आता त्याचे.

तो सरळ कचेरीत गेला. मी दिवा लावला. उशिरा येणाऱ्या मुलांनी सही करायचा कागद तिथं टेबलावर असतो. नाव, वेळ, कारण.

वर त्या दिवसाची तारीख होती. खाली एकच ओळ. ड्वेननं त्या अक्षरांवर बोट ठेवलं... आणि तसाच उभा राहिला. मी त्याच्या खांद्यावरून वाचलं.

कर्स्टन सॉर्बी. आठ वीस.

कारण : रस्ता निसरडा होता. गाडी हळू चालवली.