वाट बघायचे दोन सेकंद

काळ एकाच दिशेने वाहतो, यावर माझी अढळ निष्ठा आहे. आईच्या मते तो वाहतबिहत नाही, मी बनवलेल्या बेलपाशी अडून बसतो.

बेल तशी साधी. आईच्या उशाशी बटण, स्वयंपाकघरात भोंगा, मधे तळहाताएवढा बोर्ड. बटण दाबलं की बोर्ड जागा व्हायचा. पण त्यातला बूटलोडर, म्हणजे सुरुवातीचा छोटा प्रोग्राम, कोणी नवीन सूचना पाठवतंय का म्हणून दोन सेकंद वाट बघायचा आणि मगच बेल वाजू द्यायचा. आईचं बोट तेवढं टिकत नसे. बोट सुटलं की बोर्ड परत झोपी जायचा. गेल्या आठवड्यात ती पलंगावरून घसरली आणि बटण हातात धरून पाऊण तास जमिनीवर पडून राहिली.

"चारदा दाबलं," ती म्हणाली. "तुझा कारखाना बंद होता."

रविवारी मी वाट बघायचा आकडा दोनाचा शून्य केला.

सोमवारी बेल वाजली. धावत गेलो. आईचं बोट बटणाच्या वर, हवेत.

"आत्ता दाबणारच होते. लहानपणी तुला हाका मारून घसा बसायचा माझा, तेव्हा कुठे होती ही तत्परता?"

बुधवारी बेल वाजली तेव्हा आई झोपलेली होती. दहा मिनिटांनी उठून तिनं बटण दाबलं. भोंगा गप्प.

"उशीर गेला ना?" बायको म्हणाली. "मग आता कुरकुर कसली?"

आकडा परत दोन केला. बोर्ड बदलला. गुरुवारी बटणाची तारच काढून ठेवली. बेल वाजली. तीन तासांनी आईनं ते बिनतारेचं बटण दाबलं.

मी तार जोडली आणि वहीत वेळा लिहायला लागलो.

शनिवारपासून बेल बरोबर एक दिवस आधी वाजते. बायकोला ते सोयीचं वाटतं. सासूबाईंना उद्या चहा किती वाजता लागणार, हे आजच कळतं.

काल बेल तीनदा वाजली. सातला, दहाला, चार चाळीसला.

आज आईनं सातला चहासाठी बटण दाबलं. दहाला उशी सरळ करायला. चार चाळीसला खिडकी लावून घ्यायला.

"उद्या केस धुवायचेत," ती म्हणाली. "बटण दाबलं की लगेच ये."

"येतो."

आज सकाळपासून बेल एकदाही वाजलेली नाही.

बॅटरी तपासली. भरलेली आहे.