दोन दोऱ्यांवरचं बटण

त्याला जायचं होतं शेजारच्या किल्लीवाल्याकडे. पण वारा एवढा सुटला होता की डोळ्यांत धूळ गेली, त्यानं चुकीचं दार ढकललं, आणि दाराच्या चौकटीतला खिळा त्याच्या बाहीत घुसला. चर्र... असा आवाज झाला.

"आलं गिऱ्हाईक," आत्या मशीनवरून मान वर न करता म्हणाली.

तो खिळा सात वर्षांपासून तसाच बाहेर डोकावत होता. भाचीनं तो ठोकायचं नाव काढलं की आत्याचं उत्तर ठरलेलं. राहू दे गं, कोणाच्या पोटावर पाय देऊ नये. कपडे दुरुस्तीचं दुकान म्हटल्यावर असा एखादा खिळा देवासारखा पावतो.

भाची मात्र शरमेनं अर्धी झाली. तिला तसंही सगळ्याचंच भय वाटायचं. फोन वाजला तरी, दारावर अनोळखी सावली पडली तरी, कुणी 'जरा बोलायचं होतं' म्हणालं तरी. आत्या तिला गोगलगाय म्हणायची. नाव इतकं चिकटलं होतं की खरं नाव फक्त लाईटबिलावर उरलं होतं.

"काढा कोट," ती कशीबशी म्हणाली. "आमच्याच खिळ्यानं... पैसे नकोत."

"खिळ्याची चूक नाही. माझीच वाट चुकली." तो हसला. कोट काढताना त्याच्या खांद्यावरची पिशवी खाली आली, आणि आत पाने-पक्कड खणखणली. "लिफ्टचा मिस्त्री आहे, बारा वर्षं झाली. वर-खाली जायची सवय, आडवं चालताना गडबडतो."

तिनं बाहीसाठी टेप लावला आणि नकळत खांद्यावर नेला. डावा खांदा उजव्यापेक्षा पाव इंच खाली. बारा वर्षं पिशवी एकाच खांद्यावर.

"तुम्ही डावीकडे झुकलेले आहात," ती म्हणून गेली, आणि लगेच जीभ चावली.

"पहिल्यांदाच कुणाच्या लक्षात आलं," तो म्हणाला. आणि तिच्याकडे पाहत राहिला, जरा जास्तच वेळ.

आता या गोगलगायीचा एक छंद होता, तो सांगायला हवा. तिला लिहायला आवडायचं. दर कपड्याला सेफ्टी पिननं एक चिठ्ठी लागते. पुढच्या बाजूला काम लिहायचं, 'बाही, रफू', 'कंबर एक इंच आत'. मागची बाजू कोरी. त्या कोऱ्या बाजूवर ती गिऱ्हाईकाबद्दल चार ओळी लिहायची. नावं तिला आठवायची नाहीत, मापं आठवायची. म्हणून कुणी 'साडेपंधरा कॉलर', कुणी 'आखूड पाय'. कपडा द्यायच्या वेळी चिठ्ठी काढून बटणांच्या डब्यात टाकायची, आणि बुधवारी संध्याकाळी वाचनालयात लिहिणाऱ्यांची बैठक भरायची तिथे घेऊन जायची. बैठक घ्यायच्या एक निवृत्त मुद्रितशोधक बाई. आवाज मऊ, पेन्सिल कडक.

"माणसं छान उतरतात तुमच्या हातून," बाई मागच्या बुधवारी म्हणाल्या होत्या. "कॉलर दिसते, कंबर दिसते. पण तुम्ही कुठे दिसत नाही. टेप धरणारा हात कुणाचा आहे? एकदा तरी 'मी' लिहून बघा. भीती वाटेल तेच लिहा."

भीती वाटेल तेच. ती मनात म्हणाली, बाई, मग पानं पुरायची नाहीत.

'डावा खांदा' मात्र पुन्हा आला. बाही नेली, चार दिवसांनी पँटची चेन घेऊन आला. मग अस्तर उसवलं म्हणून आला. ते अस्तर आपोआप उसवलं होतं की मुद्दाम उसवलेलं होतं, याबद्दल आत्यानं ओठ मुडपून मौन पाळलं.

"तुम्ही राहता वरच ना, पाचव्या मजल्यावर?" एकदा त्यानं विचारलं. "या बिल्डिंगची लिफ्ट मीच बघतो. तुम्ही कधी दिसत नाही तिच्यात."

"मी जिन्यानं जाते."

"पाच मजले? दूध घेऊन, भाजी घेऊन?"

"आठ वर्षांची असताना अडकले होते. चाळीस मिनिटं. बरोबर एक अनोळखी बाई आणि तिची कांद्याची पिशवी. बाई रडत होती आणि मी तिला समजावत होते." ती सुई ओवत होती, पण दोरा नेमका नेढ्याच्या बाजूनं जात होता. "तेव्हापासून... दार बंद झालं की माझा जीव वर येतो."

तो हसला नाही. "एक दोर पुरतो लिफ्टला. तरी आम्ही पाच लावतो," एवढंच म्हणाला. "घाबरणाऱ्या माणसांसाठीच असतात बाकीचे चार."

ते वाक्य तिनं त्या दिवशीच्या चिठ्ठीवर उतरवून घेतलं. पण स्वतः त्यात कुठे नव्हतीच.

मग एके दिवशी तो थोरल्या भावाचा काळा कोट घेऊन आला. चांगल्यातला. खांदे मोठे, बाह्या लांब. "माझ्या मापाचा करून द्या. महत्त्वाच्या कामासाठी घालायचाय."

"कसलं काम?" आत्यानं सरळ विचारलं.

"आत्ता नाही सांगत. न्यायला येईन तेव्हा कळेल."

चांगला कोट. महत्त्वाचं काम. चेहऱ्यावर ते अर्धवट हसू. गोगलगायीनं दोन अधिक दोन केले आणि उत्तर आलं, मुलगी बघायला निघालाय. तिनं डाव्या खांद्यात पाव इंचाची गादी भरली, दोन्ही खांदे अगदी समतोल दिसतील अशी. हा कोट तिच्या हातानं सजून दुसऱ्या कुणाच्या दारात जाणार. आणि त्यानंतर? बाही झाली, चेन झाली, अस्तर झालं. माणसाला असून असून कपडे किती असतात?

मंगळवारी दुपारी आत्या डुलकी काढत होती. तिनं कोटाचं मधलं बटण लावायला घेतलं. नेहमी आठ पदरी दोरा, चार फेरे, खाली पीळ. आत्याच्या दुकानातलं बटण म्हणजे कोट फाटेल पण बटण निघायचं नाही, अशी ख्याती. तिनं दोनच दोरे घेतले, एकच फेरा मारला. मग चिठ्ठी उलटी केली आणि लिहिलं. पहिल्यांदाच, बाईंनी सांगितलं होतं तसं.

'डावा खांदा. आता या माणसाला परत यायचं काही कारण उरलेलं नाही. म्हणून मी मधलं बटण दोन दोऱ्यांवर लावलंय. आठवड्यात तुटेल. मला भीती वाटते, की तुटलं तरी तो दुसरीकडे जाईल.'

तिनं ते परत वाचलं. चांगलं उतरलं होतं... आणि म्हणूनच बैठकीत वाचायची छाती नव्हती. न्यायला येईल त्याच्या आधी काढून टाकू, असं ठरवून तिनं चिठ्ठी नेहमीसारखी अस्तराला टाचली. वीस वर्षांची हाताची सवय, चिठ्ठीशिवाय कपडा तिला उघडा वाटायचा.

बुधवारी ती बैठकीहून आली, तर हँगर रिकामा.

"तुझा मिस्त्री नेऊन गेला कोट," आत्या मशीनला झाकण घालत म्हणाली. "उद्या साडेदहाला मुलाखत आहे म्हणे त्याची. लिफ्टचा तपासनीस व्हायचंय, बारा वर्षं वाट बघतोय म्हणाला. कोपऱ्यावरच्या काचेच्या इमारतीत, नवव्या मजल्यावर."

"मुलाखत?"

"मग काय बोहल्यावर चढायचं होतं? तुला काय झालं गं, पांढरी का पडलीस?"

"चिठ्ठी... काढलीस ना?"

"चष्मा नव्हता लावलेला. तू काढली असशील, म्हटलं."

ती तिथेच कापडाच्या गठ्ठ्यावर बसली. पोटात खड्डा पडणं म्हणजे काय, ते तिनं चार-सहा वेळा लिहिलं होतं. सगळं फिकं लिहिलं होतं, हे तिला आत्ता कळलं. चिठ्ठी त्यानं वाचली असेल तर तोंड दाखवायला जागा नाही. आणि नसेल वाचली तर त्याहून वाईट, उद्या तीन साहेबांसमोर तो बसेल, दीर्घ श्वास घेईल, आणि बटण टेबलावर टप्पकन पडेल. यंत्रांची काळजी घेणारा माणूस, त्याला स्वतःचं बटण सांभाळता येत नाही. बारा वर्षं जिची वाट पाहिली ती खुर्ची एका गोगलगायीच्या दोन दोऱ्यांपायी जायची.

सकाळी सव्वादहाला ती काचेच्या इमारतीत शिरली. मुठीत सुई आणि काळ्या दोऱ्याचं रीळ. कात्री घाईत मशीनवरच राहिली. नऊ मजले आणि पंधरा मिनिटं. ती जिन्याकडे वळली, एवढ्यात समोरच्या लिफ्टचं दार मिटायला लागलं, आणि मिटत्या फटीत तिला काळा कोट दिसला. दोन्ही खांदे समतोल.

तिनं हात घातला. विचार करून घातला असता तर घातलाच नसता.

दार उघडलं. "तुम्ही?" तो म्हणाला. "लिफ्टमध्ये?"

"सरका जरा," ती म्हणाली, आणि आत गेली. दार बंद झालं. जीव ठरल्याप्रमाणे वर आला. "तुमचं मधलं बटण... सैल आहे. मला लावू द्या."

"आत्ता?"

"आत्ताच. थांबवता येईल का ही? हलताना टाका बसत नाही."

"मधेच थांबवू? घाबराल."

"घाबरलेच आहे. त्यात आणखी काय वाढायचंय."

त्यानं तिच्याकडे एकदा पाहिलं आणि लाल कळ दाबली. चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मधे लिफ्ट उभी राहिली. एवढी शांतता, की तिला रिळाचा दोरा सुटल्याचाही आवाज आला. तिनं कोटाची कड उलटी केली...

बटणाच्या खाली तांब्याची बारीक तार होती. नीट पीळ घातलेली, टोक आत वळवलेलं. आणि तारेच्या मधोमध तिचे दोन काळे दोरे तसेच होते.

म्हणजे त्यानं वाचलं होतं.

तिला वाटलं, आता ही लिफ्ट तुटली तर बरं. पाचही दोर एकदम.

"काल संध्याकाळी," तो हळूच म्हणाला. "चार वेळा वाचलं. मग तार घातली. तुमचे दोरे काढवेनात."

ती बटणाकडेच बघत राहिली. "मी असं कधी करत नाही. कुठल्याच बटणाला..."

"माहीत आहे. आत्यांच्या बटणांची कीर्ती ऐकून आहे. लिहिता छान. पण एक वाक्य तपासणीत नापास आहे."

"कुठलं?"

"परत यायचं कारण उरलं नाही, ते. अस्तर मी स्वतः उसवलं होतं. ब्लेडनं. चेनसुद्धा पक्कड लावून बिघडवली. तुम्ही एवढी मापं घेता, हे माप कसं चुकलं?"

तिनं आठ पदर ओवले, पहिल्याच प्रयत्नात, आणि तारेवरून, त्या दोन दोऱ्यांवरून, चार फेरे घेतले. खाली पीळ दिला, गाठ मारली. मग आठवलं, कात्री नाही. दुसरा इलाज नव्हता. ती पुढे वाकली आणि दोरा दातांनी तोडला. कपाळ त्याच्या छातीला जेमतेम टेकलं, आणि आतून धडधड ऐकू आली, तिच्याइतकीच. कदाचित जास्त.

"तुम्हालाही भीती वाटतेय," ती म्हणाली.

"मुलाखतीची नाही."

त्यानं कळ सोडली. लिफ्ट हलली नाही. एक क्षण... दोन... तिनं त्याची बाही घट्ट धरली, तिनंच आखूड केलेली. मग खाली कुठेतरी काहीतरी गुरगुरलं आणि मजल्यांचे आकडे पुढे सरकू लागले. पाच. सहा. बाही तिनं सोडली नाही. सात. आठ.

"आता हे बटण काही जन्मात तुटायचं नाही," तो म्हणाला. "मग मी यायचं कसं?"

दार उघडलं. समोर खुर्च्यांवर माणसं फायली मांडीवर घेऊन बसली होती.

"आमच्या दाराचा खिळा आहे ना," ती म्हणाली. "अजून ठोकला नाही."

खाली ती एकटीच आली. नऊ मजले, बंद दार, आणि जीव वर. पण मोजत आली. एक दोर पुरतो. बाकीचे चार आपल्यासाठी.

संध्याकाळी दुकानात तिनं आत्याला सगळं सांगितलं. दोन दोऱ्यांपासून सांगितलं, कारण तेच सांगायचं सगळ्यात अवघड होतं. आत्यानं चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला.

"माझ्या दुकानात. दोन दोरे," ती शेवटी म्हणाली. "गोगलगाय नि पोटात पाय म्हणतात ते खोटं नाही. अगं, तोंडानं सांगायचं होतंस."

"भीती वाटली."

"मग आता?"

"आताही वाटतेय."

तेवढ्यात दार ढकललं गेलं. वारा नव्हता, धूळ नव्हती, आणि येणारा माणूस डोळे टक्क उघडे ठेवून खिळ्याच्या दिशेनंच येत होता. चर्र... झालं.

"निकाल पंधरा दिवसांनी," तो म्हणाला. "पण बटणाकडे बघून मधले साहेब म्हणाले, काम पक्कं दिसतंय."

"भावाचा चांगला कोट," आत्या कपाळाला हात लावून म्हणाली, आणि मशीनचा आवाज उगाच मोठा केला.

तिनं कोट घेतला. नवी चिठ्ठी काढली. पुढच्या बाजूला लिहिलं, 'बाही, रफू.' मग उलटी केली आणि त्याच्या देखत, टेबलावर, झाकून न घेता एकच ओळ लिहिली.

'मी सकाळपासून दाराकडे बघत होते.'

अक्षर वाकडं आलं. तिनं चिठ्ठी कोटाला टाचली नाही. त्याच्या तळहातावर ठेवली, आणि तिथून हातही काढला नाही.