तीनदा बंद झालेली तक्रार

सोमवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी कोल्ड रूमचं दार उघडलं. आत काका होते.

ते दाराला पाठ टेकून बसले होते, गुडघे पोटाशी घेऊन. उजव्या हातात फोनचा रिसीव्हर होता. तो बोटांतून सोडवायला दोन माणसं लागली.

जीवशास्त्र विभागात चोवीस वर्षं नमुन्यांच्या बरण्या सांभाळणारे काका शनिवारी दुपारी नमुने थंड ठेवायच्या या खोलीत गेले, आणि दार त्यांच्यामागे बंद झालं. आतून उघडायचा दांडा बर्फाने धरला होता. अशा वेळेसाठीच भिंतीवर फोन बसवलेला होता, पण तो बंद होता. काका एकटे राहायचे. रविवारी बहिणीकडे जेवायला जायचे. या रविवारी आले नाहीत तेव्हा बहिणीला वाटलं, मागच्या भांडणाचा राग अजून गेला नाही.

त्याच सकाळी विद्यापीठात एक पाहुण्या बाई आल्या होत्या. तीस वर्षं दुसऱ्या एका विद्यापीठात तंत्रसाहाय्य केंद्र चालवून निवृत्त झालेल्या. प्राध्यापकांचे आणि कर्मचाऱ्यांचे संगणक, फोन, मेल सांभाळणारं इथलं केंद्र कसं चाललंय, हे तीन दिवसांत तपासून अहवाल द्यायचा, एवढंच त्यांचं काम होतं.

केंद्र ग्रंथालयाच्या तळघरात होतं. तीन टेबलं, भिंतीला लावून रचलेले मेलेले मॉनिटर, आणि कुठूनतरी सतत येणारी पंख्याची घरघर. माणसंही तीनच. कडक इस्त्रीचे प्रमुख. फोनवर बसणाऱ्या ताई. सहाशे माणसं त्या नुसत्या आवाजावरून ओळखायच्या. आणि एकुलता एक तंत्रज्ञ. त्याच्या खिशातून पक्कड कधी हलायची नाही, म्हणून सगळे त्यालाच पक्कड म्हणायचे.

प्रमुखांच्या डोक्यावर मोठा तक्ता होता : प्रत्येक तक्रार अठ्ठेचाळीस तासांत बंद. खाली आकडा, अठ्ठ्याण्णव टक्के. बाईंनी ते वाक्य ओळखलं. आठ वर्षांपूर्वी ज्या समितीने सगळ्या विद्यापीठांसाठी हा नियम लिहिला, तीत त्याही होत्या.

अकरा वाजता फौजदार खाली आले. दार बर्फाने धरलं हा अपघात, असं त्यांना वाटत होतं. पण फोन बंद असल्याचं आधी कोणी कळवलं होतं का, एवढंच त्यांना हवं होतं.

प्रमुखांनी नोंदी उघडल्या. बाईंनी त्यांच्या खांद्यावरून वाचलं.

कोल्ड रूममधला फोन चालत नाही. दोन आठवड्यांत तीन तक्रारी. तिन्ही जीवशास्त्राच्या एका प्राध्यापिकेच्या नावावर, कारण कोल्ड रूम त्यांच्या प्रयोगशाळेतली. तिन्ही दोन दिवसांच्या आत बंद. शेवटची गेल्या शुक्रवारी, दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी : ‘फोन दुरुस्त केला. चाचणी घेतली.’ नाव पक्कडचं. पंधरा मिनिटांनी प्राध्यापिकांचा अभिप्राय, पाचपैकी पाच गुण. ‘तत्पर सेवा. समाधान झाले.’

पक्कडचा चेहरा उतरला.

“मी त्या खोलीत महिनाभर पाय ठेवलेला नाही.”

“लॉगिन तुमचं आहे ना?” फौजदारांनी विचारलं.

“आहे.”

“शुक्रवारी एक वाजता कुठे होतात?”

“सभागृहात. शिडीवर. दिव्यांची केबल ओढत होतो.”

“कोणी पाहिलं?”

“रिकामं होतं सभागृह.”

“तुमचा पासवर्ड आणखी कोणाला माहीत आहे?”

पक्कडने खिशातली पक्कड काढली, हातात फिरवली, परत ठेवली. मग म्हणाला, “कोणालाच नाही.”

फौजदार त्याला घेऊन गेले. ताईंच्या टेबलावरचा फोन वाजला. त्यांनी तो उचलला आणि नेहमीच्या मऊ आवाजात कोणाचीतरी अडचण लिहून घेतली.

एकच्या ठोक्याला प्रमुखांनी गाडीची किल्ली उचलली. दुपारचं जेवण ते घरीच घ्यायचे. जाताना ते बाईंपाशी घुटमळले. ही एक नोंद बाजूला ठेवून बाकीचं मूल्यमापन पुरं करता येईल का, असं त्यांनी विचारलं. एका माणसाच्या चुकीने सगळ्या केंद्राला बट्टा लागायला नको. बाईंनी फक्त वर्षभराच्या नोंदी छापून मागितल्या.

दुपारभर त्या कागद घेऊन बसल्या. ताईंनी त्यांना चहा आणून दिला आणि मोबाइलवर नातीचा फोटो दाखवला. नात आज बरोबर पाच महिन्यांची झाली होती. लेकीच्या बाळंतपणाला बारा दिवस जाऊन आले, वीस वर्षांत एवढीच काय ती मोठी रजा, असं ताई म्हणाल्या. मग फोटोकडे पाहता पाहता त्यांचे डोळे भरून आले. काका फार चांगले होते हो, एवढंच त्या पुटपुटल्या.

बाई पुन्हा कागदांकडे वळल्या. वर्षभर एकही तक्रार उशिरा बंद झालेली नव्हती. फक्त जूनमध्ये एका जागी लाल खुणांची रांग होती, आणि त्या रांगेच्या आसपास एकाही माणसाने अभिप्राय दिलेला नव्हता. बाकीच्या दिवशी अभिप्रायच अभिप्राय, सगळे पाचपैकी पाच. बाईंनी त्यांच्या वेळा पेन्सिलीने अधोरेखित केल्या. एक वाजून सात. एक चाळीस. एक अठरा. पानामागून पान.

भिंतीवरच्या अठ्ठ्याण्णव टक्क्यांकडे त्यांना बघवेना.

चार वाजता त्या वर प्राध्यापिकांकडे गेल्या. प्राध्यापिका खिडकीशी उभ्या होत्या. गाल सुजलेला होता.

“शुक्रवारी तो अभिप्राय तुम्ही दिलात?”

“मी दंतवैद्याच्या खुर्चीत तोंड उघडून पडले होते. बारा ते दोन.”

“अभिप्रायाचं पत्र तुमच्या मेलवर येतं. मेल आणखी कोण उघडतं?”

“कोणी नाही.”

“पासवर्ड कधी बदललात?”

प्राध्यापिका जरा ओशाळल्या. मार्चमध्ये त्या पासवर्ड विसरल्या होत्या. केंद्राला फोन केला, तिथून नवा तात्पुरता मिळाला. लगेच बदला असं सांगितलं होतं. “राहूनच गेलं. तोच चालू आहे.”

बाईंनी यादीतले आणखी सात अभिप्राय देणारे गाठले. सातही जणांना अभिप्राय दिल्याचं आठवत नव्हतं. सातही जणांनी वर्षभरात कधीतरी फोनवरून नवा पासवर्ड घेतला होता, आणि एकानेही तो बदलला नव्हता.

मंगळवारी सकाळी त्या पोलीस ठाण्यात पक्कडसमोर बसल्या. रात्रभर त्याच्या डोळ्याला डोळा लागलेला दिसत नव्हता.

“तू शिडीवर असतोस. हात अडकलेले असतात. मग झालेल्या कामाची नोंद कोण करतं?”

त्याचा हात सवयीने रिकाम्या खिशाकडे गेला.

“फोन करून सांगतोस ना, माझ्या नावाने बंद करा म्हणून?”

“मॅडम, त्यांचं नाव नका घेऊ,” तो हळूच म्हणाला. “सहाशे माणसांना मी एकटा पुरा पडत नाही. त्यांनी सांभाळून घेतलं म्हणून माझी नोकरी टिकली. आई दवाखान्यात होती तेव्हा एका शब्दाने विचारलं नाही, कुठे होतास म्हणून.”

“तुझ्यावर माणूस मेल्याचा ठपका आहे.”

“स्वतःच सांगतील. वाट बघतोय मी.”

बाई उठल्या. वाट बघण्यात एक दिवस गेलाच होता.

तीन वाजता सगळे तळघरात जमले. फौजदार पक्कडला घेऊन आले. प्राध्यापिका दाराशी उभ्या राहिल्या. प्रमुख तक्त्याखाली बसले होते, आणि सगळ्यांच्या नजरा त्यांच्यावर होत्या. ते त्यांना जाणवत होतं.

बाई शांतपणे बोलू लागल्या. फोन दुरुस्त झाला नव्हता, हे आधी सांगितलं. नोंद खोटी होती. नोंद करणाऱ्याला दोन गोष्टी जमायला हव्या होत्या : पक्कडच्या लॉगिनमधून तक्रार बंद करणं, आणि प्राध्यापिकांच्या मेलमध्ये शिरून अभिप्राय देणं.

“असं फक्त एकदा झालेलं नाही. वर्षभर चाललंय. प्रत्येक खोटा अभिप्राय एक ते दोनच्या मधला आहे. जेवणाच्या सुट्टीत, केंद्र बाहेरच्यांना बंद असताना.”

“मी एक ते दोन घरी असतो,” प्रमुख घाईने म्हणाले.

“माहीत आहे. पक्कडला फक्त स्वतःचा पासवर्ड ठाऊक होता. प्राध्यापकांचे नाहीत. ते ठाऊक असणारी व्यक्ती एकच. जी फोनवर नवे पासवर्ड देते.”

प्राध्यापिकांची नजर ताईंच्या टेबलावरच्या फोनकडे गेली.

“जूनमध्ये बारा दिवस एकही अभिप्राय आला नाही. तक्रारी पाच पाच दिवस पडून राहिल्या. मला आधी वाटलं, ते बारा दिवस केंद्राचं काम बिघडलं होतं. उलटं आहे. वर्षातले तेवढेच बारा दिवस नोंदी खऱ्या आहेत. प्रमुख हजर होते, पक्कड हजर होता. रजेवर कोण होतं?” बाईंनी आवाज खाली आणला. “काल नात पाच महिन्यांची झाली ना, ताई?”

ताईंनी हातातली पेन्सिल टेबलावर ठेवली. ती घरंगळून खाली पडली, तरी त्यांनी उचलली नाही.

“माझी सवय होती ती,” त्या म्हणाल्या. “अठ्ठेचाळीस तास होत आले की तक्रार बंद करायची, आणि त्या माणसाचा पुन्हा फोन आला की नवी म्हणून लिहायची. घड्याळ परत पहिल्यापासून. काम कुठे टाळत होते मी? पोराच्या मागे लागून करूनच घ्यायचे. आज नाही तर सोमवारी.”

“का?” फौजदारांनी विचारलं.

“आकडा घसरला तर केंद्र बंद करून काम बाहेरच्यांना देणार होते. सरांनीच सांगितलं होतं, गेल्या वर्षी. आकडा कसा सांभाळायचा ते नाही सांगितलं.”

प्रमुखांनी मान खाली घातली. एका माणसाच्या जिवावर एवढा आकडा येतो कसा, हे त्यांनी वर्षभरात एकदाही विचारलं नव्हतं, आणि ते आता खोलीतल्या प्रत्येकाला कळलं होतं.

“तक्रार कोणी सांगितली होती?” बाईंनी विचारलं.

ताईंचा तो मऊ आवाज पहिल्यांदाच चिरकला. “काकांनीच. तिन्ही वेळा. शेवटच्या वेळी म्हणाले, ताई, आत गेलं की भीती वाटते हो. मी म्हटलं, काका, सोमवारी नक्की.”

पक्कड भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

“काल याला नेलं तेव्हा गप्प का राहिलात?” बाई म्हणाल्या.

“संध्याकाळपर्यंत सांगणार होते. मग वाटलं, सकाळी सांगू.” त्यांनी डोळे मिटले. “सकाळी वाटलं, दुपारी.”

त्यांनी खण उघडला आणि शाळकरी वही बाहेर काढली. न झालेल्या कामांची खरी यादी, त्यांच्या सुबक अक्षरात. त्रेचाळीस कामं. शेवटच्या पानावर सोमवार लिहून खाली रेघ मारलेली होती, आणि पहिली ओळ होती : कोल्ड रूम, आतला फोन. आधी हे.

फौजदारांनी वही घेतली. ताईंनी पर्स उचलली, खुर्ची आत सरकवली आणि त्यांच्यासोबत जिना चढून गेल्या. प्रमुखांनी त्याच संध्याकाळी राजीनामा लिहून दिला. तो स्वीकारला गेला, पण फौजदारांच्या चौकशीतून त्यांची सुटका झाली नाही.

बाई तिसऱ्या दिवशीही थांबल्या. त्यांनी अहवालात त्रेचाळीस कामं लिहिली, सहाशे माणसांमागे एक तंत्रज्ञ असल्याचं लिहिलं, आणि अठ्ठेचाळीस तासांचा नियम करणाऱ्यांच्या यादीत स्वतःचं नाव घातलं. तिथे त्यांचा हात बराच वेळ अडला होता.

दुपारी पक्कड खाली आला. हात गारठून लाल झाले होते. कोणी न सांगता तो वर जाऊन कोल्ड रूममधला फोन दुरुस्त करून आला होता. सांध्यातली एक तार निसटली होती, असं म्हणाला.

“किती वेळ लागला?” बाईंनी विचारलं. अहवालात तो रकाना होता.

तो खुर्चीत बसला, आणि बसल्यावर म्हणाला, “चार मिनिटं.”

बाईंनी ते लिहिलं.